साठ पुस्तकांआधीची एक प्रत

मी एक जुनी नमुना प्रत आहे. माझ्या मुखपृष्ठावर आडवा करडा पट्टा आहे आणि त्यावर 'विक्रीसाठी नाही' असे छापले आहे. मित्रांनो, जे पुस्तक कोणी विकतही घेणार नाही त्याची कहाणी ती काय असणार, असे तुम्हाला वाटेल. तरी ऐका.

माझी आई उशिआ. स्पेनमधल्या गॅलिशियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात ती टपाल वाटायची. टपालाच्या पिशवीत तिचा कॅमेरा असे. ओहोटीला गावातल्या बायका दाताळे घेऊन गुडघाभर चिखलात उतरत आणि तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढत. उशिआने एकोणीस वर्षे त्यांचे फोटो काढले. तीन प्रकाशकांनी तिला कळवले, "फोटो सुरेख आहेत, पण घेणार कोण?" तेव्हा तिने ठरवले, आपले पुस्तक आपणच काढायचे. इंटरनेटवर एक छापखाना होता. मागाल तेवढ्याच प्रती तो छापून देई, अगदी एकसुद्धा. निवृत्त झाल्यावर तिने वर्षभर खपून पाने जुळवली आणि पहिली एकच प्रत मागवली. ती मी.

खोके उघडले तिच्या नवऱ्याने, शुर्शोने. दोन पाने उलटून तो म्हणाला, "अगं, हे फोटो उन्हातले आहेत की ग्रहणातले?"

खरेच, मी काळवंडून आले होते. संगणकाचा पडदा फार उजळ, म्हणून तिथे सगळे लख्ख दिसत होते. कागदावर बायकांचे चेहरे चिखलात विरघळले होते. उशिआचा चेहरा पडला. पण ती खमकी. मला पडद्याशेजारी ठेवून तिने एकेक फोटो उजळला. यात आठवडा गेला. सोळा जुलैची जत्रा तोंडावर आली होती, त्याआधी बायकांच्या हाती पुस्तक द्यायचे होते. दुसरा नमुना न मागवताच तिने एके सकाळी साठ प्रतींची मागणी नोंदवून टाकली.

मग तिला एकच धाकधूक उरली. माझ्या एकेचाळिसाव्या पानावर ओतिलिया होती. नऊ वर्षांपूर्वी खडकावरून लाटेने तिला ओढून नेले होते. तिची जुळी बहीण एर्मिनिया तेव्हापासून घरात तिचे नावही काढू देत नसे. फोटो छापू का, हे तिला विचारण्याचा धीर उशिआला कधी झाला नव्हता. त्या दुपारी मला काखोटीला मारून ती निघाली.

एर्मिनिया सुपासाठी बटाटे सोलत होती.

"मावशी, एक दाखवायचं होतं. तुम्ही नको म्हणालात तर..."

"आधी दाखव तर. टपाल आणायचीस तेव्हा एवढं पाल्हाळ नव्हतीस लावत."

तिने ओले हात पुसले आणि पाने उलटली. एकेचाळिसावे पान आले. तिने मला खिडकीच्या उजेडात धरले.

"हे खाली नाव कोणाचं लिहिलंय?" एर्मिनियाने विचारले.

"तुमचं... एर्मिनिया."

"मी? अगं पोरी, ही ओतिलिया आहे. गाठ बघ रुमालाची, डाव्या कानामागे. उभ्या जन्मात मी तशी बांधली नाही."

नऊ वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव आले होते. पण उशिआला ते जाणवायलाही सवड नव्हती. फोटो ओतिलियाचा, हे तिला ठाऊक होते; खाली नाव लिहिताना मात्र ती चुकली होती. फोटोंच्या चुका तिने शोधल्या, नावांकडे पाहिलेच नव्हते.

"मावशी, फोटो काढून टाकू का?"

"काढतेस कशाला? नाव नीट कर! मेलेल्या माणसाचं उरतं काय, फोटो आणि नाव. त्यातलं एक तू मला देऊन बसलीस."

"साठ प्रती सांगून आलेय हो सकाळीच!"

"मग इथे उभी काय राहिलीस? पळ!"

मित्रांनो, त्या दिवशी मी चढणीवरून अशी धावले, की माझा एक कोपरा कायमचा दुमडला. उशिआने संगणक उघडला. मागणीपुढे लिहिले होते, 'छपाईच्या प्रतीक्षेत'. रद्द करायचे बटण अजून जागे होते. तिने ते दाबले आणि मागणी रद्द झाल्याचे पत्र येईपर्यंत ती पडद्यासमोरून हलली नाही. पत्र आले. मग ती खुर्चीत बसून हसली, रडली आणि शुर्शोला म्हणाली, "पाणी दे रे आधी."

नाव दुरुस्त झाले, आणखी एक नमुना येऊन तपासून झाला, आणि माझ्या साठ बहिणी जत्रेनंतर नऊ दिवसांनी आल्या. कोणी कुरकुर केली नाही. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये रबरी बूट घातलेल्या बायका एकमेकींना बोटाने दाखवत होत्या, "ही बघ, माझी कंबर तेव्हा!" त्यांचे कौतुक झाले. मला मात्र शुर्शोने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले. सात महिने मी तिथे होते. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एकदा एर्मिनिया कॉफीला आली. वाकून तिने मला ओढून काढले.

"ही मला दे," ती म्हणाली.

"मावशी, ती काळी आहे आणि चुकलेली. चांगली प्रत आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण शाळेत मी दांडी मारली की ओतिलिया माझ्या नावाने हजेरी द्यायची. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. एका पुस्तकात तरी देऊ दे तिला अजून माझी हजेरी."

आता मी तिच्या खिडकीजवळच्या फळीवर आहे. एर्मिनिया मला उघडते आणि बहिणीशी भांडतेसुद्धा.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाचे चित्र जगापुढे मांडाल, तर आधी त्या माणसाच्या घरी जा, ते त्याच्या मांडीवर ठेवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. आणि मला हातात घेताना एकेचाळिसावे पान जरा सावकाश उलटा. तिथली शिवण सैल झाली आहे.