धाकटीची भीती

धाकटी जाऊ घरात आल्यापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं.

थोरली पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. माप घ्यायचं, चुण्या घालायच्या, कड्या बसवायच्या, वेळ पडली तर गिऱ्हाइकाकडे जाऊन पडदे टांगूनही द्यायचे. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण घरात तिची ओळख एकच, सतत काळजी करणारी. नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की ही खिडकीशी. शेगडी बंद केली की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत. छातीत धडधड, तोंडाला कोरड, आणि कसली भीती वाटते म्हणून विचारलं तर सांगता येईना. नवरा तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायचा. सगळे हसायचे. तीही हसायची, कारण रडून दाखवण्यासारखं काही घडलेलं नसायचं.

आणि धाकटी उंच इमारतींच्या काचा पुसायची. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, पायांखाली नुसती हवा.

जेवायला बसलं की सासूबाई पहिलं तिलाच विचारायच्या, “आज किती उंच होतीस गं?” धाकटी घास घेता घेता सांगायची. खालची माणसं कशी दिसतात, एका साहेबाला खुर्चीत घोरताना कसं पाहिलं, कबुतर खांद्यावर येऊन कसं बसलं. दीर तिच्याकडे बघतच राहायचा. थोरलीचा नवरासुद्धा हातातला घास तसाच धरून ऐकायचा. सासूबाई म्हणायच्या, “वाघीण आहे आमची धाकटी.”

थोरली वाढत असायची. आमटीत मीठ कमी पडलंय, एवढंच तिला कोणी सांगायचं.

भांडी घासताना तिच्या मनात यायचं, हिला एकदा घाबरलेलं बघायला मिळावं. फार नको, थोडंसंच. सगळ्यांसमोर. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाजेपाठोपाठ नवी काळजी, आपल्या मनात आलं म्हणून खरंच काही झालं तर?

एका दुपारी दुकानाच्या मालकांनी तिला एका मोठ्या कचेरीत पडदे लावायला पाठवलं. वरचा मजला, बैठकीची खोली, एक भिंत पूर्ण काचेची. ती शिडीवर चढून दांडीत कड्या ओवत होती, तेवढ्यात काचेपलीकडे वरून दोन बूट खाली आले. मग गुडघे, मग पट्टा, मग धाकटी.

धाकटीने तिला ओळखलं आणि ओल्या फडक्यानेच हात हलवला. थोरली मनात म्हणाली, इथेही आलीच ही.

तेवढ्यात वारा सुटला. धाकटी एकदा डोलली, दुसऱ्यांदा बाजूला फेकली गेली. तिची बादली सुटून खाली गेली, आणि बादलीला अडकवलेला वायरलेसही. इमारतीच्या कोपऱ्यावर एक लोखंडी फलक होता. त्याच्या धारेवर दोर अडकला आणि धाकटी तिरकी लोंबकळत राहिली. वर जाता येईना, खाली येता येईना. काच उघडणारी नव्हती.

थोरलीने तिचा चेहरा पाहिला. डोळे मोठे झालेले, ओठ पांढरे पडलेले. एक क्षण, फक्त एक क्षण, थोरलीला बरं वाटलं. हेच तर बघायचं होतं.

मग तिची नजर दोरावर गेली. प्रत्येक झोक्याला तो लोखंडावर घासत होता आणि त्याचं वरचं सूत उसवायला लागलं होतं.

ती शिडीवरून उतरली. काचेवर तळहात टेकवला, ‘थांब, आलेच’ असं नुसत्या ओठांनी म्हणाली आणि जिन्याकडे धावली. गच्चीवर धाकटीचा मुकादम वायरलेसवर हाका मारत होता. कठड्यामुळे त्याला खालचं काही दिसत नव्हतं, म्हणून त्याने माणसांना दोर ओढायला लावलं होतं.

“ओढू नका,” थोरली म्हणाली. “दोर फलकाच्या धारेवर घासतोय. ओढलात तर तुटेल. या बाजूने दुसरा दोर सोडा, तो तिने पट्ट्याला लावला की मग पहिला ढिला करा.”

“तुम्ही कोण?”

“तिची जाऊ. आधी दोर सोडा.”

तिचा आवाज कापत नव्हता, हे तिच्या लक्षातही आलं नाही. दुसरा दोर गेल्यावर ती पुन्हा काचेशी जाऊन उभी राहिली. दोर कुठे आहे ते हाताने दाखवत राहिली. धाकटीने तो धरला, पट्ट्यात अडकवला. मग ती हळूहळू काचेवरून खाली सरकत दिसेनाशी झाली.

थोरली खाली पोचली तेव्हा धाकटी इमारतीच्या पायरीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. गच्चीवरून खाली आलेल्या मुकादमाला ती म्हणत होती, “बादलीचे पैसे माझ्या पगारातून कापू नका बरं.” आणि हसत होती.

“हसतेस कशी गं तू?” थोरली जवळजवळ रागावूनच म्हणाली.

“संपलं ना ताई. पाय जमिनीला लागले.”

“म्हणजे तुला भीती वाटली होती.”

“वाटते की. रोज वाटते. कठड्यावरून पाय बाहेर टाकताना पोटात गोळा येतो. म्हणून तर पट्टा दोनदा तपासते. खाली आले की भीती तिथेच राहते, घरी येत नाही.” मग तिने थोरलीकडे नीट पाहिलं. “तुम्हाला नाही वाटली?”

थोरलीने आठवून पाहिलं. वाटली होती. पण ती भीती दोराची होती, त्या एका दोराची. त्या भीतीनेच पायांना जिना दाखवला होता, तोंडात शब्द घातले होते. तेवढा वेळ छातीतली ती रोजची कुरकुर गप्प होती. आणि आता, धाकटी सुखरूप समोर बसलेली असताना, ती परत सुरू झाली होती. उद्या वारा सुटला तर? आपण तिथे नसतो तर? समोर काहीच नव्हतं, तरी धडधड चालूच होती.

म्हणजे आपण इतकी वर्षं जिला भीती म्हणत होतो ती भीती नव्हतीच, नुसती काळजी होती, हे तिला त्या पायरीवर कळलं. आणि कळल्याबरोबर पुन्हा पोटात दुखलं. हिची भीतीसुद्धा आपल्यापेक्षा चांगली. येते, काम करते, निघून जाते.

त्या संध्याकाळी धाकटीने जेवताना सगळं सांगितलं. थोरली नसती तर काय झालं असतं, हेही. सासूबाईंनी थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग धाकटीला जवळ घेऊन कितीतरी वेळ सोडलंच नाही. थोरलीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “मला डॉक्टरकडे जायचंय. या काळजीचं काहीतरी करायला हवं. हसू नकोस.” तो हसला नाही.

धाकटी दारातून म्हणाली, “ताई, मी येऊ सोबत?”

“तू नको,” थोरली म्हणाली. “तू आलीस तर डॉक्टर तुझ्याच गोष्टी ऐकत बसतील.”

धाकटी खळखळून हसली. थोरली मात्र थट्टा करत नव्हती. तिने चपला घातल्या आणि नवऱ्याच्या पुढे जिना उतरू लागली.