अक्कांनी न लावलेला कौल

अक्कांनी तुळजाभवानीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाणी लावलं आणि तिथं चिकटवून कौल लावायला परडीतून शेवंतीच्या दोन कळ्या निवडल्या. मागे बसलेली कमला त्यांच्या हातांकडे बघत होती. उजवी कळी आधी पडली तर होसकोट्याला जायचं, डावी पडली तर बंगळूर सोडायचं नाही.

कापसाच्या गिरणीमागच्या गल्लीत राहून चार वर्षांच्या संताजीची छाती घरघरायला लागली होती. पोराला या धुळीतून बाहेर काढा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. कमला नर्स, होसकोट्याच्या सरकारी दवाखान्यात तिला जागा मिळत होती, राहायला खोलीसुद्धा. पण तिचा नवरा विठोजी, लॉरीवरचा ड्रायव्हर, म्हणाला, "अक्का सरी, जावा म्हणाली तर जाऊ." अक्का त्याची थोरली बहीण, तिनंच त्याला वाढवलेलं. तिचा शब्द ओलांडायची त्याची टाप नव्हती.

आणि अक्कांनी सरी म्हणावं तरी कसं? तरुणपणीच कुंकू पुसलेलं, स्वतःचं मूलबाळ नाही. कमलाच्या रात्रपाळ्या निभावल्या त्या त्यांच्याच जिवावर. संताजी आणि तान्ही कावेरी, दोघांनाही न्हाऊमाखू घातलं ते त्यांनीच. ही पोरं गेली की घरात बोलायलासुद्धा माणूस उरणार नव्हतं.

शिवाय जन्मभर बाजारात बसून हार गुंफणारा हात तो! कुठली कळी जड, कुठं पाणी कमी लागलं की काय लवकर गळतं, हे अक्कांना नाही तर कुणाला कळणार? त्यांनी मनात आणलं तर... असा विचार आला याची कमलाला लाज वाटली. पण आला खरा.

"कमला," मूर्तीकडेच बघत अक्का म्हणाल्या, "डावं पडलं तर राहशील?"

हो म्हणायला काय जात होतं? पण आत संताजी खोकत होता.

"नाही अक्का. तरी जाईन."

"मग आईला विचारायचं कशाला गं? विचारलं की ऐकावं लागतं. तिनं नाही म्हणायचं आणि तू मोडायचं, असलं माझ्या देवघरात नको."

त्यांनी पदरानं मूर्तीचे खांदे कोरडे केले, दोन्ही कळ्या कमलाच्या अंबाड्यात खोवल्या. "जा तू. विठूला मी सांगते."

कमलाला रडू आवरेना. आपल्या ताटातला घास दुसऱ्याला द्यायचा आणि वर आपलं पोट भरलंय म्हणायचं, असली ती बाई. मघाशी आपण तिच्यावर शंका घेतली, या विचारानं तिला जास्तच भरून आलं.

निघायच्या दिवशी विठोजी सामान घेऊन लॉरीनं पुढं गेला. बसस्टँडवर कमलानं पुन्हा विनवलं, "तुम्हीपण चला ना. तिथं काय फुलं मिळत नाहीत?"

"मिळतात की." अक्कांनी कावेरीचं टोपडं नीट केलं. "पण मी आले तर घर दुसऱ्याला जाईल. तिथं नाही जमलं, पोराला पाणी नाही मानवलं, तर परत कुठं याल?"

कमलानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"स्वल्प लवकर चढ. जागा जाईल," अक्का म्हणाल्या आणि कावेरीला तिच्या कडेवर दिलं.

बस सुटली. संताजी खिडकीतून "अक्का, अक्का" करत राहिला. अक्कांनी वळून बघितलं नाही. घरी कुणी वाट बघत असावं तशा त्या भराभर चालत होत्या.