आठ सेकंद तीन

मी देवाजी सरांची स्टॉपवॉच बोलतेय. चावीची, गोल, पितळी अंगाची. डोक्यावर एक बटण आहे. ते एकदा दाबलं की माझा काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येतो. एवढंच माझं आयुष्य. पण या तीन दाबांमध्ये मी माणसं फार जवळून पाहिली आहेत.

नागपूरच्या एका दुकानातून मला शाळेसाठी आणलं. देवाजी सर तिथे पीटी शिकवायचे. शंभर मीटर, दोनशे मीटर, पोत्यात पाय घालून पळणं, सगळं मी मोजलं. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेत बॅटरीची घड्याळं आली होती, म्हणून हेडमास्तरांनी शाल आणि नारळासोबत मलाही सरांच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मी सरांच्या गावी, करडीत राहते.

करडीत मला खरं काम मिळालं. इथे धानाची मळणी आटोपली की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत भरते. दोन बैल, एक हलकी छकडी, कासरा धरलेला धुरकरी आणि समोर सरळ पट्टी. आमच्या पटात जोड्या एकामागून एक सुटतात आणि सेकंदांवर नंबर लागतात. पलीकडे झेंडी पडली की सर मला सुरू करतात, बैलांच्या नाकपुड्या चुन्याच्या रेघेवर आल्या की थांबवतात. माझा एक ठोका म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात गावांची भांडणं होतात.

मधली काही वर्षं पट बंद होते. तेव्हा मी कुंताबाईंच्या लुगड्यांखाली, डांबरगोळ्यांच्या वासात पडून होते. कुंताबाई म्हणजे सरांची बायको. त्या वासाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

सर नुसती वेळ लावत नाहीत, ते जोड्या पारखतात. पटाच्या महिनाभर आधी आसगावपासून लाखनीपर्यंत सायकलने फिरतात, मी त्यांच्या खिशात. बैल तलावावर पाण्याला निघाले की सर मागून चालतात. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो का, दोघांचा श्वास एका लयीत आहे का, एकाने मान वळवली तर दुसरा थबकतो का, हे बघतात. पटाच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळे विचारतात, "सर, यंदा कोण?" आणि सर जे सांगतात, ते बहुतेक तसंच घडतं.

फक्त एका जोडीबद्दल सर खोटं बोलायचे. स्वतःच्या घरच्या. आणि ते मला माहीत होतं, कारण मी तळहातात राहते. घरची जोडी पट्टीवर आली की त्यांची नाडी माझ्या पितळेवर धाडधाड आपटायची. बैल रेघेवर यायचे, आणि अंगठा थांबायचा. एक ठोका. दोन ठोके. मग पडायचा.

त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी घरची जोडी पहिली आली होती आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं होतं, "घरची घडी, घरचाच अंगठा!" लोक हसले, दुसऱ्या दिवशी विसरले. सर विसरले नाहीत. त्यानंतर घरची कुठलीच जोडी कधी पाचव्या नंबराच्या वर आली नाही, आणि सर सगळ्या तालुक्यात सच्चे पंच म्हणून नावाजले गेले. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोलले असते. ठोका हा ठोका असतो. तो घरच्यांसाठी लांबवता येत नाही आणि परक्यांसाठी आखडता येत नाही.

माझ्या वतीने बोलली ती दामिनी. सरांची नात. भंडाऱ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकली, परत आली ती थेट गोठ्यात. बादल आणि गुलब्या या घरच्या बैलांना तिने काठी न उगारता, नुसत्या हाकेवर पळायला शिकवलं. यंदा कासरा मीच धरणार, असं तिने पट कमिटीला सांगितलं. अध्यक्ष लक्ष्मणराव आधी हसले, मग खोकले, मग म्हणाले, "बरं धर. पण पहिल्या पाचात आली तरच पुढच्या वर्षी कासरा तुह्या. नाही तर मंगरूचा." मंगरू म्हणजे शेजारचा, चांगला धुरकरी.

पटाच्या चार दिवस आधी दामिनी मोबाईल घेऊन ओसरीवर आली. गेल्या दोन पटांचे व्हिडिओ तिने एकेक चित्र थांबवून मोजले होते.

"आबाजी, सगळ्या जोड्यायची वेळ तुमच्या वहीशी जुळते. आपल्याच जोडीले दोन ठोके जास्त काहून?"

"नजर कमजोर झाली असन, माय."

"आसगावची जोडी आली का नजर चांगली रायते, अन् आपली आली का मोतीबिंदू होते?"

सर मला फडक्याने पुसायला लागले. मी आधीच स्वच्छ होते.

आतून कुंताबाई बोलल्या, "बरोबर बोलून राहिली ते. पंगतीत बी असंच. घरच्यायले शेवटी वाढाचं, अन् वाढाच्या टायमाले भाजी संपली म्हणाचं. पोराले कधी खो-खोच्या टीममधी घेतलं नाही यायनं. सरचा पोरगा म्हणून!"

"लोक काय म्हणतीन, दामिनी?"

"तुमाले लोक मोजाले नाही ठेवलं, आबाजी. बैल मोजाले ठेवलं." तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मले एक ठोका फुकटचा नको. पण माह्या एक ठोका खाऊ बी नका. मी पाचाच्या बाहेर गेली, तर ते माह्या बैलायनं जावं. तुमच्या अंगठ्यानं नाही."

 त्या दिवसापासून पटापर्यंत सर मला सारखे हातात घेत होते. सुरू, बंद. सुरू, बंद. या वयात अंगठ्याला शिकवणी लावली होती त्यांनी.

आदल्या दिवशी टपरीवर गर्दी झाली. "सर, यंदा कोण?"

"लाखनीची जोडी दिसाले भारी, पण सुटाले उशीर करते. चौथी-पाचवी. आसगावच्या जोडीतला तुफान पहिला पाय टाकते तिथंच पट जिंकते. आसगाव पहिली." सर थांबले, चहाचा घोट घेतला. "अन् करडीची दुसरी."

कपबश्या वाजायच्या थांबल्या. लक्ष्मणराव म्हणाले, "आपली? दुसरी? सर, तब्येत बरी हाये ना?"

मागे उभी असलेली दामिनी मात्र भडकली. "दुसरी काहून? मी हिशेब केला. पहिली येते."

"तुह्या हिशेबात गुलब्या नाही," सर म्हणाले. "रेघेजवळ गर्दी पाहून तो एक कान मागं टाकते. तिथं एक ठोका जाते."

पटाच्या दिवशी चिठ्ठीत आमची जोडी शेवटी आली. तोवर फळ्यावर आकडे लागले होते. आसगाव आठ सेकंद दोन, म्हणजे आठ सेकंद आणि वर दोन ठोके. त्याखाली चार जोड्या आठ-चारवर अडकलेल्या. मी सगळ्या मोजल्या होत्या, त्यामुळे मला दिसत होतं: सरांचा अंदाज खरा असेल, तर आमची जोडी आठ-तीनमध्ये येणार. अंगठा जुन्या सवयीने दोन ठोके उशिरा पडला, तर आठ-पाच. म्हणजे दामिनी सहावी. लाडाने दोन ठोके लवकर पडला, तर पहिली.

"सर, घरची पोरगी हाये," लक्ष्मणराव कानाशी लागले. "कडक राहा."

सरांच्या तळहाताला घाम सुटला होता. झेंडी पडली. मी धावले.

धूळ उठली. "चल रे बादल! चल रे माह्या राजा!" तिचा आवाज बैलांच्या आधी पोचला. बादलची मान ताणलेली, गुलब्या बरोबरीने, आणि रेघेजवळ आल्यावर त्याचा एक कान मागे. सरांची नाडी माझ्यापेक्षा जोरात पळत होती. नाकपुड्या रेघेवर आल्या.

अंगठा पडला. ना आधी, ना नंतर. इतक्या वर्षांत घरच्या जोडीवर पहिल्यांदा मी खरी थांबले.

"आठ सेकंद तीन!" सर ओरडले.

 मग मागून तोच जुना शब्द आला, "घरची घडी हाये, बाप्पा!"

 तेवढ्यात गर्दीतून मंगरू उसळला. दामिनी सहावी आली असती तर कासरा त्याचाच होता. हातातला मोबाईल उंच धरून तो म्हणाला, "माह्या मोबाईलमधी बी आठ-तीनच हाये! चूप बस बे, नाही तर ये इथं अन् पाहून घे!"

लोक हसले. या वेळी सरही हसले.

दामिनी छकडीवरून उतरली. भुवयांपर्यंत धूळ. सरांपुढे येऊन उभी राहिली. "तुमचा अंदाज खरा निघाला, आबाजी. माह्या चुकला."

"एका ठोक्यानं."

"पुढच्या वर्षी तो ठोका काढून टाकते मी. गुलब्याले आतापासून बाजारात फिरवते." मग तिने सरांचा हात धरला आणि त्या जाड, वाकड्या अंगठ्यावर हलकेच चापट मारली. "आज बरोबर पडला हा."

पुढच्या पटाला म्हणे यंत्र बसणार. लाल दिवा, तार, आपोआप आकडे. मला वाईट वाटत नाही. डांबरगोळ्यांतून मी सुटले आहे, आता देवघराच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेली असते. सरांनी त्या दिवसानंतर मला चावी दिली नाही. दामिनी येता-जाता माझ्याकडे बघते, गुलब्याला शिव्या घालते आणि पुढे जाते.

तुम्ही कधी करडीला आलात तर घरात या. कुंताबाई चहा देतील, आणि भाजी असेल तर या वेळी संपली म्हणणार नाहीत. मला हातात घ्या, उलटून पाहा, हरकत नाही. फक्त माझ्या डोक्यावरचं बटण दाबू नका. माझा काटा आठ सेकंद तीनवर उभा आहे. त्याला शून्यावर आणू नका.