पडद्याखालच्या चपला

"मान अजिबात हलवायची नाही हं काका. आणि झोप लागली तर लागू दे, मी येते सुया काढायला," असं बजावून नर्सताई पडदा ओढून निघून गेल्या.

टाकेकाका पालथे पडले होते. पलंगाला चेहऱ्याच्या जागी एक भोक होतं. त्यात तोंड घातलं की दिसायची ती फक्त फरशी, पडद्याची कड आणि पडद्यापलीकडे नीट जोडून ठेवलेल्या तपकिरी चपला. उजवीची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली. दुसरा कुणी असता तर त्याचं लक्षही गेलं नसतं, पण काकांचा जन्म चपला-बूट दुरुस्त करण्यात गेला होता. टाके घालणारे म्हणून टाकेकाका. खरं नाव गल्लीत कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं.

वर्षानुवर्षं मान खाली घालून काम केलं आणि अखेर मानेनेच संप पुकारला. हाताला मुंग्या यायच्या, आरी बोटांतून निसटायची. डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो उजेडावर धरून दाखवला होता.

"मणक्यांच्या मधली गादी झिजलीय, काका. ती काही नवी होणार नाही. पण सुयांनी दुखणं कमी होतं का, ते बघू."

"म्हणजे टाच झिजलीय आणि दुसरी मिळत नाही."

"अगदी तसंच समजा."

"मग टोचा. इतकी वर्षं मी टोचत आलो, आता माझी पाळी."

पहिल्याच दिवशी पडद्याआडून, त्या चपलांच्या मालकीणबाईंचा आवाज आला होता, "नवे दिसताय. घाबरू नका, डास चावल्याएवढंच होतं." बाई टेलिफोन ऑफिसात होत्या. निम्मं आयुष्य मान तिरकी करून खांद्यावर रिसीव्हर दाबून धरलेला, त्याची ही कमाई. आवाज मात्र अजून खणखणीत. दोघांनाही मान वळवायची बंदी, त्यामुळे दोघंही फरशीशीच बोलायचे. बाईंच्या सुया आधी निघत. पावलं चपलांत सरकत, "येते हं शेजारी," एवढं ऐकू येई, आणि काका पालथेच. इतके दिवस झाले, पण बाईंचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बायको असते," काका म्हणून गेले. खोटं बोलायचं म्हणून नाही; जिभेला वळणच ते होतं. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. लगेच दुरुस्त करायला हवं होतं, पण तेवढ्यात नर्सताई आल्या. पुढच्या खेपेला बाईंनी आपणहून विचारलं, "वहिनी काय म्हणतात?" आता काय सांगणार? मग वहिनींचे गुडघे दुखू लागले. वहिनी भाजीवाल्याशी भांडल्या. काकांनी छत्री हरवली म्हणून वहिनींनी दोन दिवस अबोला धरला. बाई खळखळून हसायच्या, आणि काकांना स्वतःलाच आत कुठेतरी बरं वाटायचं. घरी तर तिचा विषय काढायलाही कुणी नव्हतं.

मान बरी होत चालली हे त्यांनी सगळ्यांत आधी ओळखलं, आणि सगळ्यांत उशिरा कबूल केलं. "अजून चमक निघते," ते डॉक्टरीणबाईंना सांगत. एके दिवशी त्या मागूनच म्हणाल्या, "काका, पाणी देऊ?" काका गर्रकन वळले.

"पकडलं!" त्या हसल्या. "पुढची खेप शेवटची. बाहेर किती जण थांबलेत बघताय ना? घरी व्यायाम करा, दुकानातला कामाचा ठोकळा जरा उंच घ्या."

ती शेवटची खेप आजची. शर्टाच्या खिशात त्यांनी रबराची एक टाच कापून आणली होती, नुसत्या नजरेच्या मापाने. शर्ट खुंटीवर होता. टाच द्यायची, दुकानाचा पत्ता सांगायचा, येत जा म्हणायचं. पण बाईंना दुकानात बोलवायचं तर आधी खरं सांगायला हवं होतं.

"बाई," ते फरशीकडे बघत म्हणाले, "एक सांगायचंय. मी खोटं बोललो तुमच्याशी. माझी बायको नाहीये. म्हणजे होती, आता नाही. गुडघे दुखायचे तिचे, ते खरं. छत्रीचंही खरं. सगळं खरंच आहे, फक्त जुनं आहे. मी एकटाच असतो. तुमच्याशी बोलायचो ना, तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

काकांनी पलीकडे कान लावला. बाईंना राग आला असेल. येणारच.

मग एक बारीक, संथ घोरणं ऐकू आलं.

दार वाजलं. नर्सताई पडद्यापलीकडे गेल्या. "उठा बाई, झालं. छान डोळा लागला होता तुमचा." जांभई ऐकू आली. पावलं चपलांत सरकली. काकांनी तोंड उघडलं, पण मघाचं सगळं बळ एकदाच बोलण्यात संपून गेलं होतं, आणि नर्सताई तिथेच उभ्या होत्या.

"येते हं शेजारी. वहिनींना नमस्कार सांगा."

"सांगतो," काका म्हणाले.

झिजलेली टाच फरशीवर किंचित घासत दारापर्यंत गेली.

संध्याकाळी त्यांनी घराचं कुलूप काढलं, दिवा लावला. "नमस्कार सांगितलाय तुला," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "त्या टेलिफोनवाल्या बाईंनी." शर्ट काढताना खिशातली टाच खाली पडली. ती घरंगळत पलंगाखाली गेली. काका वाकले, मान तिरकी करून पलंगाखाली पाहिलं आणि टाच उचलून घेतली. मान जराही दुखली नाही.