पाचव्या दिवसाची हजेरी

मुक्ताने जुन्या कागदावर भिंग धरले आणि मोडीतली ओळ अडखळत वाचली.

"बुशहरहून निघालो तेव्हा तुकडीत चाळीस माणसे होती. तिसऱ्या मुक्कामी सव्वीस उरली. गोळी एकालाही लागली नव्हती. पाऊस, चिखल, हिवताप आणि हगवण."

समोर सोफ्याच्या कडेवर सुदेश आणि शत्रुघ्न बसले होते. दोघे दापोलीजवळच्या एकाच गावचे. आखातातल्या शुऐबा बंदरावरच्या कारखान्यात सुदेश वेल्डर, शत्रुघ्न पाइप फिटर. राहायला एकाच खोलीत. बँकेत नोकरी करणारी ही बाई मोडी वाचते, हे तिथल्या मराठी मंडळात कळल्यावर सुट्टीच्या शुक्रवारी ते तिच्या घरी आले होते. कागद सुदेशच्या खापरपणजोबांनी, अर्जोजींनी, म्हातारपणी लिहिलेला. तरुणपणी ते इंग्रजांच्या मुंबई पायदळ पलटणीबरोबर आखातापलीकडे इराणात, बुशहरला, गेले होते. आता गावात त्यांच्या नावाची कमान उभी राहत होती आणि तिच्यावर कोरायला सुदेशला एक वाक्य हवे होते.

"लढाईचं कुठे येतं, वहिनी?"

"अजून चालतायत."

शत्रुघ्न हसला. "आमचे सटवाजीही त्याच पलटणीत होते. पण ते पळाले. अजून आमच्या घराला पळपुट्याचं घर म्हणतात. बहिणीच्या सोयरिकीतसुद्धा तेच निघालं."

मुक्ताने पान उलटले. दोन ओळींवर थांबली, मग मनातल्या मनात पान खालपर्यंत वाचले आणि भिंग बाजूला ठेवले.

"अक्षर फिकट आहे. पुढचं नंतर सांगते."

सुदेशने तिच्याकडे पाहिले. उठून त्याने खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला. पांढरे ऊन टेबलावर पडले.

"आता दिसेल. वाचा."

तिने वाचले.

"सटवाजीला हगवण लागली. चार दिवस माझ्या खांद्यावर हात टाकून चालला. पाचव्या दिवशी बसला तो उठेना. आजाऱ्यांच्या डोल्या भरलेल्या. म्हणाला, पाणी आणतोस ना. मी हो म्हटले आणि पलटणीमागे चालू लागलो. हजेरीला सुभेदाराने विचारले तेव्हा पळून गेला म्हणालो. खरे सांगतो तर त्याला आणायला मलाच माघारी धाडले असते. गावी आल्यावर बोललेले फिरवता आले नाही."

सुदेश उभाच होता.

"खाली सही आहे?"

"आहे."

मग शत्रुघ्न पुढे वाकला.

"आमच्या सटवाजींचं नाव कुठे आहे यात?"

मुक्ताने दाखवले. त्या वळणांतले एकही अक्षर त्याला लागत नव्हते. कागदाला न टेकवता त्याने बोट त्या जागेवर धरले.

"चार दिवस चालले?"

"चार."

"तशा चिखलातून."

"हो."

सुदेशने फोन काढला आणि गावी थोरल्या भावाला लावला. कमानीचे काम हरीशच बघत होता. स्पीकरवर त्याचा आवाज आला. कारागीर समोरच उभा आहे, वाक्य सांग, म्हणाला.

सुदेशने फोन शत्रुघ्नपुढे धरला.

"तू सांग," तो म्हणाला. "तुला काय सांगायचं ते."

शत्रुघ्नने फोन घेतला. हरीश दोनदा हॅलो म्हणाला.

"हरीशदादा, मी शत्रुघ्न," तो म्हणाला. "तुम्ही आधी बसून घ्या."