शेषाच्या खवल्यांचा आवाज

हळद वाळवायच्या दिवसांत कुरुंद्याच्या खळ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या सोमवारी सोनाजी अप्पांच्या खळ्यावरही नव्हती, पण ती माणसांमुळे. हळद पोत्यांत भरून बाजूला सारली होती. पॉलिशच्या ड्रममधून निघालेली पिवळी भुकटी मधोमध पायघडीसारखी अंथरली होती, आणि दोन्ही अंगांना सगळं गाव मोबाइल उंच धरून उभं होतं.

"आले! महाराज आले!"

शेषवाहन महाराज आले, पण चालत नव्हे. जमिनीवर लोळणारी भगवी कफनी, जोडलेले हात, मिटल्यासारखे डोळे (पुरते मिटले असते तर खांबावर आदळले असते), आणि पाऊल न उचलता सरकत येणं. पाऊल न उचलता पुढं गेलेले पुढारी आमच्याकडं पुष्कळ आहेत, पण ते असे सरळ रेषेत जात नाहीत.

कफनीच्या आतून खडखड आवाज येत होता. शिष्य सोमेश्वर माइकवर ओरडला, "ऐका! शेषाचे खवले वाजून राहिले! महाराजांचं पाऊल भुईला लागत न्हाई. भुकटी पाहा, बराबर पाहा!"

लोकांनी पाहिलं. भुकटीत पाऊल नव्हतं. एक लांब वळणदार रेघ होती आणि रेघेत तिरपे तिरपे खवले उमटले होते. आमचं गाव जन्मभर बांधावर सापाचे माग बघत आलेलं. म्हणूनच ते फसलं. शहरातल्या माणसाला ते सरळ टायर दिसलं असतं.

गादीपाशी दोन शिष्यांनी महाराजांचे दंड धरले, तिसऱ्यानं आडवा पडदा धरला. पडदा हटला तेव्हा महाराज मांडी घालून बसलेले. शेषाला पडदा पाळायची सवय असावी.

पहिली पुढं गेली शिवकन्या. सोनाजी अप्पांची सून, माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून तिचं घर. तिच्या पुजाला, अकरा वर्षांच्या पोरीला, मिरगी आहे. वसमतच्या डॉक्टरीणबाईंची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू, आणि चौदा महिने झाले, एक झटका नाही. महाराज म्हणाले, "बेटी, गोली शेष के लिए जहर है. पौर्णिमेपर्यंत बंद." शिवकन्येनं घरी जाऊन गोळ्यांचा डबा नाल्यात रिकामा केला.

मी मिक्सर, पंखे, शिलाई मशिनी दुरुस्त करते. शिकले ती उघडून बघून आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. दुसऱ्या दिवशी सोमेश्वर पिशवी घेऊन दुकानात आला.

"साधनाताई, महाराजांच्या पाण्याच्या मशीनची झाकणं ढिली झाली. लई वाजतात."

पिशवीतून दोन काळी प्लास्टिकची झाकणं निघाली. दोन्ही अर्धगोल. स्क्रूच्या भोकांमधले आटे गेलेले, एका ठिकाणी चीर.

"मशीनच घेऊन या ना. बसवून देते."

"ते सोवळ्यात असते."

मी झाकण उलटं केलं. आत पिवळी भुकटी चिकटलेली, चाकाचं रबर घासून उमटलेली कमान, आणि एक चित्र: हेल्मेट घातलेला माणूस एका चाकावर उभा.

"पाणी लई पळत असन हे," मी म्हणाले.

काम मात्र मी मन लावून केलं. भोकं एम-सीलनं बुजवली, सुकल्यावर नवी पाडली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून स्क्रूखाली दिल्या. कशी बसवायची ते त्याला दोनदा सांगितलं. वस्तूनं काय पाप केलंय?

मग भिंतीपलीकडं गेले. शिवकन्येला सगळं सांगितलं, मोबाइलवर तसल्याच चाकाचा व्हिडिओ शोधून दाखवला.

"ताई, तुमी मिक्सरवाल्या. तुमाला देवाचं काय कळते?"

"देवाचं न्हाई कळत. चाकाचं कळते."

तिनं तोंड फिरवलं.

बुधवारी सकाळी पुजा पाण्याच्या माठापाशी कोसळली. मी धावत गेले तोवर अप्पा तिच्या नाकाला चप्पल लावून बसलेले. मी चप्पल काढली, तिला कुशीवर वळवलं. पोरगी शुद्धीवर आली तेव्हा तिची जीभ चावली गेली होती. महाराजांकडून निरोप आला, "भिऊ नका. शेष रोग बाहेर काढून राहिला."

निरोप ऐकून शिवकन्या माझ्याकडं वळली. मी म्हणाले, "माझं ऐकू नको. उद्या खळ्यावरच्या दरबारात महाराजांना फक्त एवढंच म्हण, जिथं आहात तिथं एक मिनिट थांबा आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवा."

"त्यात काय? हात तर मलाबी ठेवून घ्यायचाच हाये."

गुरुवारी महाराज सरकत आले, आणि आवाज नाही. काहीच नाही. एक चकती ढिली पडली नव्हती. मला उगीच बरं वाटलं.

गर्दीत कुजबुज. "खवले काहून वाजून न्हाई राहिले?"

"शेष आज मौनात हाये!" सोमेश्वर माइकवर म्हणाला.

शिवकन्या पुजाला घेऊन भुकटीवर उतरली. "महाराज, थांबा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवा."

"गादी के पास आ, बेटी." महाराज तिला वळसा घालून गेले.

"न्हाई महाराज. शेषाच्या पाठीवरूनच ठेवा."

दुसरा वळसा. महाराज पुढं-मागं झुलू लागले. आता अप्पाच हात जोडून आडवे आले. "महाराज, एक घडी थांबा ना. सून पदर पसरून राहिली."

पुढं अप्पा, मागं शिवकन्या. महाराज थांबले, आणि कफनीखालून पांढरा स्पोर्ट शू बाहेर आला आणि भुकटीवर टेकला. तोल गेला. महाराजांनी अप्पांच्या गळ्याला मिठी मारली आणि कफनीतून एक काळं जाड चाक निसटून आडवं पडलं, भुकटी उडवत, टूंटूं करत गरगरत राहिलं. वर सरकलेल्या कफनीत दोन्ही गुडघ्यांना पॅड.

"कलियुगात शेष रूप बदलतो!" महाराज ओरडले.

"आन् चार्जिंगला लावावा लागते व्हय?" गर्दीतली चतुराबाई मागून म्हणाली.

चाक थांबल्यावर मी ते उभं केलं. "ही बिजलीवरची एकचाकी. पुढं झुकलं की पळते, मागं झुकलं की हळू होते. चालू हाये तोवर तोल राहते. थांबली की धरायला माणूस पाहिजे, न्हाई तर पाय टेकावा लागते. हे टायर, हे तुमचे खवले. आन् आवाज झाकणांचा होता, आटे गेल्ते. मीच दुरुस्त करून दिली."

अप्पा गळ्यातली मिठी सोडवत म्हणाले, "म्हंजे ताई, शेष तुमच्याकडं दुरुस्तीला आल्ता?"

लोक हसले. शिवकन्या हसली नाही. तिनं चाकाकडं पाहिलंही नाही. "ताई, गोळ्या तर मी नाल्यात टाकल्या."

तासाभरात आम्ही वसमतला होतो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळी लगेच सुरू केली; मध्ये बंद पडल्यामुळं अजून एखादा झटका येऊ शकतो, हेही सांगितलं. अप्पा प्रश्न विचारत सुटले. चप्पल लावावी का? नाही. तोंडात चमचा घालावा का? अजिबात नाही; कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर तडक दवाखाना. पोरीला शाळेत पाठवावं का? पाठवा. गोळी किती वर्षं? लगीन होईल का?

गोळी किती वर्षं, याला बाई म्हणाल्या, "आत्ता मला माहीत नाही. दोन वर्षं बघू, तपासू, मग सांगते."

मी शिवकन्येला नावं ठेवत नाही. लेकरू डोळ्यांसमोर कोसळलं की माणूस कशालाही हात घालतं. पण हात घालायच्या आधी एकदा थांबवून विचारा, कापड वर करून बघा. ज्याला प्रश्नाचा राग येत नाही, आणि ज्याला "माहीत नाही" म्हणता येतं, त्याच्याच हाती लेकरू द्या.