कचराशेडची सून

चेन्नईत अंबत्तूरच्या त्या वसाहतीत रोज सकाळी सगळ्या घरांचा कचरा खाली निवडायच्या शेडमध्ये उतरतो. ओला-सुका वेगळा ठेवा, असं ती शेड चालवणाऱ्या संयुक्तानं दारोदार जाऊन सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि सांबारभातात फुटक्या काचा टाकल्या. बोटं चिरून घेऊन कचरा निवडणारी एक बाई काम सोडून गेली. उरली एकटी अलमेलू. शेड बंद पडू नये म्हणून संयुक्तानं स्वतः हातमोजे चढवले, आणि तिथंच घात झाला.

घर तंजावरी मराठी, जुन्या वळणाचं. सासूबाई कामाक्षी म्हणाल्या, "न्हाल्यावाचून आत येऊं नको गे." ती न्हायली. तरी तिला आधी स्वयंपाकघर बंद झालं, मग देवघर. बँकेत साहेब असलेला नवरा, रघुराम, पेपरातून डोकं वर काढीना. शेड सोडावी तर कचरा पुन्हा रस्त्याकडेला जळणार आणि अलमेलूची रोजी जाणार. न सोडावी तर स्वतःच्याच घरात परकी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

नवरात्रात कोलू मांडला. पायऱ्यांवर बाहुल्या, घरभर सुंडलाच्या उसळीचा वास, शेजारणींना हळदकुंकवाचं बोलावणं. संयुक्तानं अलमेलूलाही बोलावलं होतं. ती ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून आली. कामाक्षीबाई दारातच आडव्या आल्या.

"हिला तांबूल खालीं गेटापाशी दे."

"असू दे अक्का, मी खालीच घेते," अलमेलू पुटपुटली.

"आणि मी, आई?" संयुक्तानं विचारलं. "मीही तोच कचरा निवडते."

"तूं घरची सून. न्हालीस कीं झालं."

"तीही न्हाऊनच आलीय."

आतल्या बायका आपापल्या बांगड्या न्याहाळू लागल्या. वसाहतीची सेक्रेटरी चंद्रिका समजुतीनं म्हणाली, "सणासुदीला वाद कशाला गं? उद्या शेड मात्र लवकर उघड हं. कचरा फार साठलाय."

संयुक्ताला रडू आलं नाही, संताप आला. शेडची किल्ली तिनं चंद्रिकेच्या हातात दिली. "उद्यापासून घरागणिक पाळी. पहिली आमच्या घराची. अलमेलू उभी राहून शिकवील."

"अय्यो, पण निवडणार कोण?"

"ज्यांचे हात सोवळ्यात आहेत, त्यांनी."

दुसऱ्या दिवशी बंद शेडपुढे बादल्यांची रांग लागली. हात एकही पुढं आला नाही. दुपारी रघुराम नाकाला रुमाल लावून खाली आला. संयुक्ता आणि अलमेलू शेडच्या पायरीवर बसल्या होत्या.

"वास देवघरापर्यंत आलाय. काहीतरी कर."

"पाळी आपल्या घराची आहे," ती म्हणाली. "मी येते. हातमोजे दोन जोड आहेत, एक तुम्ही घाला."